काळे मुखवटे, पांढऱ्या पेशी

३ फेब्रुवारी

धुकं. दहा वाजून गेले तरी समोरची इमारत दिसत नाही. जावई म्हणाले, ल्युब्लियाना परातीत बसलेलं शहर आहे, कडेनं डोंगर. धुकं एकदा साचलं की हलत नाही.

आळीव भिजत घातले. बाळाला धुरी देता येत नाही, छताला धूर ओळखणारं यंत्र आहे. नुसता शेक.

मिरजेहून वहिनीचा, सुमनचा मेसेज: अण्णांनी गोळ्या घेतल्या, जेवले, तुम्ही अजिबात काळजी करू नका.

अजिबात कशाला लिहिलं?

४ फेब्रुवारी

खालच्या मजल्यावर पियानो वाजतो. दुपारी तीनच्या सुमारास. हात मुरलेला आहे, शिकाऊ नाही. पण षड्ज कुठाय? पोळ्या लाटता लाटता कान लावून होते. सापडला म्हणावं तोवर सुटतो.

५ फेब्रुवारी

जिन्यात त्या बाई भेटल्या. पांढरे, आखूड कापलेले केस. पियानो शिकवायच्या, आता निवृत्त. इंग्रजी माझ्याइतकंच, म्हणजे दोघींचं भागतं. भारत म्हटल्यावर पहिलाच शब्द “तागोरे”. इथल्या म्हाताऱ्या माणसांचं हे ठरलेलं दिसतं. त्यांचा एक तरुण कवी होता, स्रेच्को कोसोवेल, टागोरांचा भक्त. १९२६ साली बाविसाव्या वर्षी गेला. हे सगळं कचऱ्याची पिशवी हातात घेऊन, जिन्यात उभ्याउभ्या.

मी सांगितलं, मी पेटी वाजवते, नाटकांना ऑर्गनची साथ केली आहे, तालमी घेतल्या आहेत. “कोरेपेटितोर!” म्हणाल्या आणि दंडाला धरून आत घेऊन गेल्या.

६ फेब्रुवारी

आळिवाची खीर लेकीला, मुक्ताला आवडत नाही. नाक मुरडत खाते.

८ फेब्रुवारी

आज देशाला सुट्टी. कवीची पुण्यतिथी म्हणून. प्रेशेरेन, १८४९ साली याच तारखेला गेला. चौकात त्याच्या पुतळ्यापाशी नटमंडळी कविता म्हणतात आणि लोक थंडीत उभे राहून ऐकतात. आम्हीही गेलो, बाळाची गाडी घेऊन. शब्द एकही कळला नाही. म्हणणाऱ्याचा श्वास कुठे तुटतो आणि कुठे मुद्दाम तोडलाय, ते मात्र कळत होतं.

मिरजेला फोन. अण्णा फोनवर आला नाही. “झोपलेत,” सुमन म्हणाली. इथे साडेबारा, तिकडे पाच. संध्याकाळी पाचला अण्णा कधी झोपत नाही.

९ फेब्रुवारी

बाई वाजवतात तो मारिय कोगोय.

जन्म त्रिएस्तचा, १८९२. बंदर तेव्हा ऑस्ट्रियाचं. आईबापांचं सुख नाही. सोचा नदीकाठी कनाल म्हणून गाव, तिथे वाढला. शाळा गोरित्सियाला. पोरसवदा असतानाच समूहगानं लिहायला लागला. १९१४ साली व्हिएन्ना. तिथे फ्रान्त्स श्रेकरचा विद्यार्थी, पुढे शोनबर्गकडेही. तो तिकडे स्वर शिकत होता तेव्हा कनालच्या दारात महायुद्ध. नदीच्या एका काठाला इटली, दुसऱ्या काठाला ऑस्ट्रिया. युद्ध संपलं तेव्हा गाव इटलीत गेलेलं. त्रिएस्तमधलं स्लोवेन लोकांचं मोठं सभागृह १९२० च्या जुलैत फॅसिस्टांनी जाळलं. हा ल्युब्लियानात. म्हणजे निर्वासितच, फक्त भाषेच्या घरात राहणारा.

ल्युब्लियानाचं ऑपेरागृहही १८९२ सालचं. बाईंनी हे दोनदा सांगितलं. जणू ते त्याच्यासाठीच बांधलं.

१० फेब्रुवारी

त्याची नोकरी ऑपेरात, कोरेपेटितोरची. ही नोकरी मला कुणी समजावून सांगायला नको. गायक उशिरा येणार. घसा बसलाय म्हणणार. आपण पियानोवर अख्खा वाद्यवृंद दहा बोटांत भरून वाजवायचा, त्याची ओळ त्याच्या गळ्यात उतरेपर्यंत. प्रयोगाच्या रात्री हार त्याला. बुजुर्ग नटांच्या साथीला बसायचे तेव्हा एकजण म्हणायचे, ऑर्गनवाल्याला टाळी मिळाली तर समजा काहीतरी चुकलंय.

दिवसभर दुसऱ्यांच्या ओळी वाजवून घरी गेल्यावर स्वतःची ओळ ऐकू यायला किती वेळ लागत असेल?

११ फेब्रुवारी

अण्णा बोलला. “मुलगा की मुलगी?” महिना होऊन गेला. चार वेळा सांगितलंय.

“मुलगी.”

“बरं.” आणि फोन सुमनकडे.

आवाज जड. पण आवाज होता.

१२ फेब्रुवारी

कोगोय समीक्षाही लिहायचा आणि कुणाला सोडायचा नाही. १९२२ साली कवी पोद्बेव्शेक आणि समीक्षक योसिप विदमार यांच्याबरोबर मासिक काढलं, ‘तीन हंस’. दोन अंक निघाले. संपलं. हे वाचून बरं वाटलं. आपल्याकडच्या लघुनियतकालिकांची जातकुळी.

वीस-तीस हजारांच्या गावात राहावं तसं राहून सगळ्यांवर टीका करायची आणि दुसऱ्या दिवशी त्याच लोकांबरोबर तालमीला बसायचं. ल्युब्लियाना तेव्हाही त्याहून मोठं होतं, पण संगीतवाले लोक कुठेही एका चहाच्या टपरीवर मावतात.

१३ फेब्रुवारी

कोगोयचा ऑपेरा ‘काळे मुखवटे’ ऐकायला सुरुवात. बाईंनी ध्वनिमुद्रण दिलं. शिवाय पियानोवर उतरवलेल्या प्रतीच्या झेरॉक्स, कडा पिवळ्या, शिसपेन्सिलीत बोटांचे आकडे. एक कान बाळाकडे.

गोष्ट मूळ रशियन, लिओनिद आंद्रेयेवचं १९०८ चं नाटक. लोरेन्झो नावाचा सरदार. गडावर मुखवट्यांचा नाच ठेवतो. पाहुण्यांना वाट दिसावी म्हणून बुरुजावर, रस्त्यावर दिवे लावतो. मुखवटे येतात. तो एकालाही ओळखत नाही. हसतो, पाहुणचार करतो, पण ओळखत नाही. मग न बोलावलेले येतात, काळे, रात्रीतून. दिवे बघून आलेले. आल्यावर दिवेच विझवतात.

बाळ उठलं. तिथेच थांबवलं.

१४ फेब्रुवारी

पुढे.

नाटकात एक जागा आहे, ती माझ्या अंगावर आली. लोरेन्झोनं स्वतः गीत रचलंय. गवई ते म्हणायला उभा राहतो. आणि म्हणतो ते भलतंच, काळंकुट्ट, सैतानाचं. सरदार ओरडतो, हे माझं नाही. सगळे म्हणतात, तुमचंच आहे.

साथीला बसलेल्या माणसाला हा प्रसंग आतून माहीत असतो. गायक घसरतो, पण आपल्याला चाल धरून ठेवायची असते. इथे साथच गायकाबरोबर जाते. वाद्यवृंद विरोध करत नाही. एकही वाद्य “मूळ चाल अशी होती” म्हणत उभं राहत नाही. प्रतीत बघितलं: डावा हात एक ओळ चालवतोय, उजवा दुसरी, गळ्याला तिसरी. एकेक सुटी वाजवली तर सरळ आहे. गाता येईल अशी. तिन्ही एकत्र आल्या की पायाखाली जमीन नाही.

मघाशी बाईंच्या पियानोवर फक्त डावा हात वाजवला. त्या उजवा वाजवत होत्या. दोघी थांबत, मोजत, पुन्हा सुरू करत. एक पान झालं. घाम आला. फेब्रुवारीत.

१५ फेब्रुवारी

अण्णाची रक्ततपासणी उद्या. सुमनला आठवण करून दिली. उपाशीपोटी लागत नाही, पण गोळ्यांच्या आधी काढलेलं बरं, असं डॉक्टर म्हणायचे.

१६ फेब्रुवारी

लोरेन्झोला दुसरा लोरेन्झो भेटतो. तलवारी. एक दुसऱ्याला मारतो. कुठला उरला, ते कळत नाही. नंतर शवपेटीत एक लोरेन्झो, आणि माणसं येऊन त्याच्याबद्दल बोलतायत. तो ऐकतोय.

मुक्तानं विचारलं, “आई, काय ऐकतेस हे? बाळ दचकेल.” बाळ गाढ झोपलं होतं. त्याला कर्कश आवाज जास्त बोचतो, मी मिक्सर लावला की रडतं.

१७ फेब्रुवारी

मंगळवार. ‘पुस्त’. शिमग्याचं सोंग म्हणावं असं काही. उद्यापासून त्यांचे उपासाचे दिवस. रस्त्यात पोरं मुखवटे घालून. लिफ्टमध्ये एक छोटा ड्रॅगन आणि त्याची दमलेली आई. टीव्हीवर प्तुयचे कुरेंत: अंगभर मेंढीची लोकर, लांब लाल जीभ, कमरेला मोठाल्या घंटा. उड्या मारत हिवाळ्याला हाकलतात. घंटांचा तो एकत्र खणखणाट! लय नाही, पण थांबावा असंही वाटत नाही.

बाईंनी क्रोफी आणले, आत जर्दाळूचा मुरंबा. अंडं असतं त्यात. खाल्ला.

सुमनचा फोन. रिपोर्ट आलाय. “वन्सं, पांढऱ्या पेशी अठ्ठावीसशेच आहेत.”

१८ फेब्रुवारी

डॉक्टरांनी क्लोझापिन बंद केलं. पेशी तीन हजारांच्या खाली गेल्या की बंद करायचंच असतं. मला माहीत आहे. अण्णाला ती गोळी सुरू केली तेव्हा कागदावर हे सगळं लिहून घेतलं होतं माझ्याकडून. आठवड्याला रक्त, मग पंधरा दिवसांनी, मग महिन्याला. फ्रिजवर तक्ता. बाकीच्या गोळ्या झाल्या होत्या सगळ्या. हीच लागू पडलेली. बारा वर्षं.

रात्रभर जागी. बाळही. मुक्ता म्हणाली, “तू झोप, मी बघते.” मी घेतलं बाळाला.

१९ फेब्रुवारी

धुकं.

२० फेब्रुवारी

अण्णा झोपत नाहीये. सुमन म्हणते, पहाटे अंगणात फेऱ्या मारतात, पायात चपला नाहीत. दुसरी गोळी सुरू केली आहे, तिला वेळ लागेल.

तिकीट बदलायचं का विचारलं. मुक्ता काही बोलली नाही. जावई लॅपटॉप घेऊन बसले, भाडं बघून म्हणाले, आई, पैशांचा विचार करू नका. म्हणजे बरंच असणार.

सुमन म्हणाली, “तुम्ही येऊन काय करणार? मी आहे ना.”

२१ फेब्रुवारी

कोगोयबद्दल मिळेल ते वाचते आहे. मुक्ता फोनवर मजकूर इंग्रजी करून देते. जे उघडावं त्याचा शेवट तोच: वेडावर ऑपेरा लिहिला आणि पुढे स्वतःच वेडा झाला. कुणी नियती म्हणतं, कुणी भाकीत. मुखवटे म्हणे रंगमंचावरून उतरून त्याच्या घरी आले.

ऐकायला फार छान. मला चीड येते.

‘काळे मुखवटे’ पहिल्यांदा झाला ७ मे १९२९ ला. वाद्यवृंद मिर्को पोलिचच्या हाती. हा पोलिच ऑपेराचा संचालक, १९२७ साली त्यानं याच छोट्या गावात प्रोकोफिएवचं ‘तीन संत्र्यांचं प्रेम’ उभं केलेलं. धाडसी माणूस. एवढा अवघड ऑपेरा स्वतःच्याच तालमीच्या खोलीतल्या माणसाचा, आणि तो लावला. गायकांनी तो पाठ केला. कंठस्थ! मी एक पान वाजवून घामाघूम झाले. वेडाच्या भरात असलं होत नाही. मोजून, खोडून, पुन्हा लिहून होतं. कुठल्या वाद्याला श्वास घ्यायला किती जागा, हे भ्रमिष्टाला सुचत नाही.

आणि आजार १९३२ चा. मधली तीन वर्षं? शेक्सपिअरचं ‘ट्वेल्फ्थ नाइट’ घेऊन दुसऱ्या ऑपेराला लागला होता. विनोदी नाटक! वेषांतरं, चुकलेल्या चिठ्ठ्या, पिवळे मोजे घातलेला कारभारी. ते अपुरं राहिलं. नियतीवाले या अपुऱ्या ऑपेराबद्दल बोलत नाहीत. त्यांच्या गोष्टीत तो बसत नाही.

२२ फेब्रुवारी

अण्णा चोवीस वर्षांचा होता. मंडळानं राज्य नाट्य स्पर्धेसाठी संगीत नाटक घेतलं. नऊ पदं, चाली अण्णाच्या. मी एकोणीस, पेटीवर. रात्री दुकानं बंद झाली की शाळेच्या हॉलमध्ये तालीम. अण्णा चाल लिहिताना वहीत दोन रंगांची शाई वापरायचा: निळ्यानं मुख्य स्वर, लाल शाईनं कण. तिसऱ्या पदाची चाल त्यानं सात वेळा मोडली. मला आठवतं, कारण मला सात वेळा नव्यानं बसवावी लागली. वैतागून मी रडले होते. आठव्यांदा म्हणाला, आता बघ. आणि खरंच.

प्रयोग झाला. बक्षीस मिळालं नाही. दोन वर्षांनी त्याला आवाज ऐकू यायला लागले.

गल्लीत म्हणाले, रात्र रात्र जागून चाली बांधल्या, डोकं फिरलं. संगीतानं केलं. आई हे म्हणत म्हणत गेली. ती वही तिनं ट्रंकेत कुलूप लावून ठेवली, औषधासारखी नव्हे, विषासारखी.

चुलत काकांना संगीताचं काय कळत होतं? ते तर मुनसिपाल्टीत होते. त्यांनाही झालंच की.

२३ फेब्रुवारी

बाळाला घेऊन लांब चालायला गेलो. झाडांची रांग, बारीक खडीचा रस्ता, सगळ्या शहराला वेढा घालून जातो, चौतीस किलोमीटर. ही इटालियन सैन्याच्या काटेरी तारांची जागा. १९४२ साली नेमक्या याच तारखेला शहर तारेत घातलं, ते १९४५ पर्यंत. आता लोक धावतात, कुत्री फिरवतात. बाळ सगळा वेळ झोपलं.

कोगोयच्या आजाराला तेव्हा दहा वर्षं झाली होती.

२४ फेब्रुवारी

काल रात्री अण्णाला दाखल केलं. सुमननं सकाळी सांगितलं. “रात्री कशाला उठवायचं तुम्हाला?” त्यानं मारझोड वगैरे काही केलं नाही. पाणी पीत नव्हता. पाण्यात काहीतरी आहे म्हणत होता.

तिथे एका कारकुनानं सुमनला विचारलं, “किती दिवस ठेवायचंय?” लॉज असल्यासारखं.

२५ फेब्रुवारी

१९५६ साली आज कोगोय गेला. चोवीस वर्षं आजारात.

या चोवीस वर्षांवर कुणी दोन ओळींपेक्षा जास्त खर्च करत नाही. जन्म ते १९२९ पानंच्या पानं. मग ‘आजारी पडला’. मग ‘निधन’. मधे महायुद्ध होऊन गेलं. देश बदलला. कनाल १९४७ मध्ये युगोस्लावियात आलं, त्रिएस्त राहिलं पलीकडे.

त्या काळी इलाज काय होता? १९३३ च्या सुमारास व्हिएन्नात इन्शुलिनचे धक्के निघाले. १९३८ साली रोममध्ये विजेचे. पहिलं खरं औषध, क्लोरप्रोमाझिन, पॅरिसला १९५२ मध्ये. तोवर कोगोय साठीचा. आधी भिंत, कॉट, परिचारक, बाग असली तर बाग. अण्णाला पहिल्यांदा दिलं तेही क्लोरप्रोमाझिनच. जीभ जड व्हायची, उन्हात कातडी भाजायची. तरी झोप लागायची त्याला.

बाईंना विचारलं, तो आत असताना काही लिहायचा का. त्या म्हणाल्या, लोक हे नेहमी विचारतात. आणि चहा ओतायला उठल्या.

बरोबर आहे. का लिहावं त्यानं?

२६ फेब्रुवारी

सलाईन काढलं. सुमनच्या हातची भाकरी खाल्ली म्हणे, अर्धी.

स्लाव्को ओस्तेर्त्स म्हणून कोगोयच्याच पिढीतला दुसरा आहे. प्रागला शिकला, हाबाकडे. परत आल्यावर इथे शिकवायचा. त्याचेही ऑपेरे, ‘खडूचं वर्तुळ’ वगैरे. पत्रं लिहिणारा, माणसं जोडणारा, विद्यार्थी घडवणारा. १९४१ ला गेला. बाईंचं मत, ओस्तेर्त्समुळे शाळा तयार झाली, कोगोयमुळे कुणीच तयार झालं नाही. मी म्हटलं, कोगोयला वेळ कुठे मिळाला? “नाही,” त्या म्हणाल्या, “स्वभाव.” यावर वाद होऊ शकला असता. इंग्रजी संपलं.

२८ फेब्रुवारी

कनाल. जावई म्हणाले, चला, तुम्ही घरात कोंडून घेतलंय. मुक्तानं ढकललंच.

पोस्तोयनाच्या पुढे धुकं संपलं आणि एकदम ऊन. गोरित्सियाच्या बाजूनं वर नदीकाठानं रस्ता. वाटेत सिमेंटचा कारखाना, भला मोठा, मग वळणावर गाव. सोचाचं पाणी हिरवं. फोटोत बघून मला वाटायचं रंग चढवलाय. मी पुलावर जाऊन वाकून बघितलं, तरी हिरवंच. उन्हाळ्यात या पुलावरून उड्या मारायची स्पर्धा असते, सतरा मीटर. जावयांना खाली बघवेना. पूल पहिल्या महायुद्धात उडवलेला, नंतर पुन्हा बांधला.

चौक लहान. चर्च. कॉफीच्या दुकानात चार म्हातारे पत्ते खेळत होते. दर शरदात इथे कोगोयच्या नावानं संगीताचे दिवस भरतात, नवं संगीत मुद्दाम. आत्ता काही नाही. एका पोराच्या सायकलची साखळी उतरली होती, जावयांनी बसवून दिली.

नदी अरुंद आहे. पलीकडच्या माणसानं हाक मारली तर ऐकू येईल इतकी. दोन वर्षं दोन सैन्यं याच अंतरावर.

भूक लागली. डब्यातली धपाटी पुलाच्या कठड्यावर बसून खाल्ली.

१ मार्च

पेशी एकेचाळीसशे. सुमननं कागदाचा फोटोच पाठवला. बोट ठेवून.

नवी गोळी मानवते आहे असं म्हणायला अजून वेळ आहे. पण पाणी पितोय.

३ मार्च

२०१२ साली मारिबोर युरोपची सांस्कृतिक राजधानी झालं तेव्हा ‘काळे मुखवटे’ लावला. वाद्यवृंद उरोश लायोविचच्या हाती, त्यानं स्वरप्रतही नीट शोधून, तपासून काढलेली. बाईंनी तिकीट काढून पाहिला. काय वाटलं विचारलं तर म्हणाल्या, “गायकांना आता येतं.” मला वाटतं यापेक्षा मोठी दाद नसेल. १९२९ ला ज्याच्यापुढे सगळे चाचपडले असतील ते आता गळ्यात बसतं.

शेवटच्या आगीचा भाग काल पुन्हा ऐकला. विदूषक गडाला आग लावतो. लोरेन्झो जळतो. नाटक वाचून मला तो पराभव वाटला होता. ऐकताना नाही वाटला. का, ते सांगता येत नाही. पितळी वाद्यांमुळे असेल.

५ मार्च

अण्णाला घरी सोडलं. मी फोन केला नाही, सुमनचाच आला. म्हणाली, झोपलेत. या वेळी खरंच झोपला असावा, मागे कुकरची शिट्टी झाली तरी ती कुजबुजत बोलत होती.

बाळानं आज अंगठा शोधला.

७ मार्च

कोगोयनं मुलांसाठीही समूहगानं लिहिली. एक आहे, ‘चिमण्या आणि बुजगावणं’. बाईंनी ऐकवलं. चिवचिवाट, खोडसाळ, एक आवाज दुसऱ्याच्या पायात पाय घालतोय. तोच माणूस, तीच सवय: प्रत्येकाची ओळ सुटी आणि सरळ. फक्त इथे जमीन जागेवर आहे. मी तीनदा लावलं. मुक्ता पण हसली.

‘मुखवट्यां’शेजारी हे कुणी ठेवत नाही. ठेवायला पाहिजे.

९ मार्च

अण्णा व्हॉट्सअ‍ॅपवर. दाढी वाढलेली. सुमननं मागे उभं राहून खूण केली, बोला.

काय बोलणार? गाणं लावलं. चिमण्यांचं. फोन स्पीकरजवळ धरला. तो खाली बघत होता. मला वाटलं ऐकत नाही. संपलं.

“मधल्या आवाजातल्या पोरी खाली पडतायत,” अण्णा म्हणाला. “दुसऱ्या कडव्यात.”

पुन्हा लावलं. पडत होत्या. किंचित.

“चाल कुणाची?”

सांगितलं.

“नोटेशन आहे?”

“बघते.”

“त्यांचं ते रेघांवरचं नको. सा रे ग म मध्ये लिहून पाठव. आणि आवाज वेगवेगळ्या शाईनं लिही, नाहीतर कळत नाही.”

सुमन मागून म्हणाली, आधी दाढी करा. फोन ठेवला.

१० मार्च

बाईंकडे प्रत नाही. विद्यापीठाच्या मोठ्या ग्रंथालयात, प्लेच्निकच्या इमारतीत, संगीताचा वेगळा विभाग आहे म्हणाल्या, तिथे विचारू. उद्या सकाळी दोघी जाणार. मुक्ताला दुपारपर्यंत एकटीला जमेल. येताना शाई घ्यायची: निळी, लाल, आणि तिसरी कुठली मिळेल ती.